गुळाचा बंगला

शिरूरला बस्ता बांधायला निघालेल्या गाडीत पाच माणसं होती, आणि गुळाचं नाव काढायचं नाही असं पाचहीजणांनी मनोमन ठरवलं होतं. ठरवणं सोपं, पाळणं अवघड. केडगावपासून पारगावच्या पुलापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस, आणि उसाचं बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला माणूस गुळावर येतो. म्हणून पोपटराव उन्हाबद्दल बोलत होते. ऊन कसं आहे, काल कसं होतं, गेल्या साली कसं होतं. घरचं गुऱ्हाळ पंचेचाळीस वर्षं चालवणारा माणूस गुळाशिवाय काय बोलणार? न्हावऱ्याच्या पुढे त्यांचं ऊनही संपलं.

मागच्या सीटवर सुलक्षणा खिडकीला टेकून बसली होती. सासरे आपल्यासाठी तोंड आवळून बसलेत हे तिला कळत होतं, आणि त्यानं तिला आणखीच कोंडल्यासारखं होत होतं. शेजारी सासूबाई साखरबाई दर पाच मिनिटांनी तिच्या मांडीवर हात ठेवत होत्या, एखाद्या आजारी बाईला दवाखान्यात नेताना ठेवावा तसा. गाडी चालवणारा नवरा इंद्रजीत आरशातून बघत होता. फक्त तिची भागीदार करुणा बघत नव्हती. ती पलीकडच्या खिडकीतून बाहेर पाहत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. करुणा गप्प असली की सुलक्षणाला ओरडा खाल्ल्यासारखं वाटायचं.

दोघींनी मिळून चार वर्षांपूर्वी 'मांडणी' सुरू केली होती. लग्नात मुलीकडचे लोक मांडवात टेबल लावून हातानं केलेल्या वस्तू मांडतात, ते रुखवत. पूर्वी नवरीच्या मावश्या-आत्या महिनाभर खपून करायच्या. आता मावश्या नोकरीला आणि आत्या मोबाईलवर, म्हणून रुखवत ऑर्डर देऊन करून घेतात. सुपारीची भातुकली, खारकांचं वऱ्हाड, लोकरीची तुळस हे सगळेच करत. या दोघी मात्र नवरदेवाचं गाव करायच्या. त्याची विहीर, त्याची शाळा, दारातली म्हैससुद्धा. लोक म्हैस ओळखायचे. करुणाला चित्रकलेचा हात होता आणि सुलक्षणाला हिंमत, आणि गेल्या आठवड्यात ती हिंमत जरा जास्तच झाली.

खुटबावच्या लग्नात तिनं नवरदेवाचा नवा दुमजली बंगला गुळाचा केला. तीन फूट उंच. वर पाण्याची टाकी, खाली ट्रॅक्टर. सकाळी लोक रांग लावून फोटो काढत होते. बारा चाळीसचा मुहूर्त. तिसऱ्या मंगलाष्टकाला गॅलरी सुटली, चौथ्याला वरचा मजला अगदी सावकाश, पाहुणा सोफ्यावर टेकावा तसा, खालच्या मजल्यावर बसला. मग मधमाश्या आल्या. एक नवरदेवाच्या मामाच्या फेट्यात शिरली आणि मामा अक्षता टाकून पळाले. कोणीतरी व्हिडिओ काढला. त्यात सुलक्षणा दोन्ही हातांनी बंगल्याला मिठी मारून उभी होती आणि बंगला तिच्या पैठणीवरून खाली उतरत होता. ती घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ सणसवाडीला इंद्रजीतच्या कंपनीत पोचला होता.

त्याच संध्याकाळी पोपटरावांनी निकाल दिला. कूलर लावणारा मांडववाला भैरू, त्याची चूक. पाण्याचा कूलर त्यानं नेमका गुळाच्या टेबलाकडे तोंड करून लावला. गुळाला ओल लागली की संपलं. घरात सगळ्यांना पटलं. सुलक्षणा त्या दिवशी रडत होती म्हणून बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी उशीर झाल्यासारखा वाटला. आज नववा दिवस.

कारण कूलर भैरूनं नव्हताच वळवला. सकाळी दहाला तिनंच त्याला सांगितलं होतं, उन्हानं गूळ पाघळेल, कूलर इकडे करा आणि त्यात बर्फ टाका. भैरू म्हणाला होता, "ताई, ही पाण्याची हवा हाय." ती म्हणाली होती, "मी सांगते तसं करा." करुणा तिथंच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

नणंदेची मुलगी अपेक्षा, तिच्याच लग्नाचा हा बस्ता. आज सकाळी गाडीत बसायच्या आधी सुलक्षणानं करुणाला बाजूला घेऊन सांगितलं, "अपेक्षाचं रुखवत मी करत नाही. मांडणी बंद करू."

"बंद करायचीय तर कर," करुणा म्हणाली होती. "पण भैरूच्या नावावर बंद करू नको."

शिरूरच्या दुकानात वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या घातल्या होत्या. नवरीची आई ज्ञानेश्वरी, म्हणजे सुलक्षणाची मोठी नणंद, तक्क्याला टेकून साड्यांच्या ढिगामागून नुसती डोक्यापुरती दिसत होती. पलीकडे दौंडची पाहुणेमंडळी. नवरदेव सत्यजीत रेल्वेत होता आणि ड्यूटीवर होता, म्हणून त्याची आई आणि आजोबा गेणबा आले होते. गेणबांना साड्यांत काडीचा रस नव्हता. ते चहा कधी येतोय याकडे डोळे लावून बसले होते.

दुकानदारानं एक शालू हवेत उडवला, सुलक्षणाकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर ओळख पटल्याचं हसू आलं. तिला ते हसू आता सवयीचं झालं होतं.

"मामी!" अपेक्षा उठून आली आणि तिच्या गळ्यात पडली. "मला दौंड स्टेशनवरचा पूल पाहिजे हं. आम्ही पहिल्यांदा तिथंच बोललो. खाली इंजिन, वर आम्ही दोघं."

"अपेक्षा, बस खाली," ज्ञानेश्वरी म्हणाली. मग आवाज मऊ करून भावजयीकडे वळली. "सुलक्षणा, ह्या टायमाला तू नुसती मिरव. लई दगदग झाली तुला. रुखवताचं मी पुण्याच्या एका दुकानाला सांगून ठिवलंय. तयार येतं, टेबलासकट."

"बरं केलंत, वन्सं," सुलक्षणा म्हणाली. हेच तर तिला सांगायचं होतं. नणंदेनं आपल्या आधी सांगितलं म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं मात्र वाटलं नाही.

"काय बरं केलं?" अपेक्षा तावातावानं म्हणाली. "दुकानातलं रुखवत सगळ्यांकडे असतं. आई, तू मामीला विचारलंस तरी का?"

"मी इचारून तिला कशाला अवघडात टाकू?"

"आगं, तिची काय चूक व्हती त्याच्यात?" साखरबाई मध्ये पडल्या. एरवी त्या लेकीच्या बाजूच्या, पण आज सुनेची कीव वरचढ ठरली. "नजर लागली. सकाळधरनं शंभर बायांनी फोटू काढलं. मी म्हनलं व्हतं, टाकीला लिंबू-मिरची बांध."

"आई, नजर नाय, ह्युमिडिटी," इंद्रजीत म्हणाला. तो कंपनीत क्वालिटीला होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण त्याला काढता यायचं. "एन्व्हायर्नमेंटल कंडिशन आपल्या कंट्रोलमधी नव्हती. सुलूचा फॉल्ट नाय."

"ज्याचा फॉल्ट त्याला मी दाखवलाय," पोपटराव म्हणाले. पाहुण्यांसमोर बोलायचं म्हणून त्यांनी टोपी सारखी केली. "भैरूला अपेक्षाच्या लग्नातनं काढून टाकलं. दुसरा मांडववाला बघितला. आन् गावात आनिक दोघांची लग्नं हायेत, त्यांनाबी सांगितलं, त्याला कूलरचं काम देऊ नका म्हनून. आमच्या सुनेचं नाव खराब करतो म्हंजी काय?"

सुलक्षणाच्या हातात एक आंबा रंगाची साडी होती. तिचा पदर तिनं किती घट्ट धरला होता ते तिला दुकानदारानं हळूच सोडवून घेतल्यावर कळलं. समोर करुणा बसली होती. तिनं नुसती मान वर केली.

"आबा, भैरूला कामावरनं काढू नका," सुलक्षणा म्हणाली.

"तू मन मोठं करू नको."

"मन मोठं नाही आबा. कूलर मी वळवला."

दुकानदाराचा हात साडीसकट वरच राहिला.

"मी सांगितलं त्याला वळवायला. तो नको म्हणत होता. बर्फसुद्धा मीच टाकायला लावला." आता सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "आणि गूळ ताजा, मऊ घेतला, तो मीच मागितला तुमच्याकडं. जुना कडक गूळ काळा पडतो, फोटोत चांगला दिसत नाही म्हणून. करुणा म्हणाली, एक खोली आधी करून कूलरसमोर ठेवून बघू. मी म्हटलं वेळ नाही. वेळ होता. मी टाकीला चांदीचा वर्ख लावत बसले होते दोन दिवस." ती सासू-सासऱ्यांकडे वळली. "नऊ दिवस झाले, तुम्ही सगळे ती चूक कधी भैरूला देताय, कधी नजरेला, कधी हवेला. मला कुणीच देत नाही. नजरेचं मी काय करू, आई? ह्युमिडिटीला काय सांगू? माझी चूक असली तर मला ती सुधारता तरी येईल. ती मला द्या."

एवढं बोलून ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं. पण रडू आलं नाही. उलट नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

साखरबाईंनी गालाला हात लावला. "अगं बया. नऊ दिस पोटात ठिवलंस व्हय हे?"

पोपटराव मात्र लाल झाले होते. सुनेवर नव्हे, स्वतःवर. पाहुण्यांसमोर, दुकानदारासमोर, एका गरीब माणसाला आपण फुकट धुतलं हे बाहेर आलं होतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, परत ठेवला, परत काढला.

"द्या इकडं," सुलक्षणा म्हणाली. "मी करते फोन."

भैरूनं पहिल्याच रिंगला उचलला. तिनं सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावून फोन गादीवर ठेवला. उगाच अर्धवट खरं बोलायचं नाही असं तिच्या मनात पक्कं झालं होतं.

"ताई, मला ठाऊकच व्हतं की," फोनमधून भैरू म्हणाला. त्याच्या मागं कुठंतरी खिळे ठोकत होते. "पन तुमी तवा रडत व्हता. रडत्या मानसाशी कुठं भांडायचं? आबा तापलं तवाबी म्हनलं, थंड झाल्यावर बोलू. पन येक सांगा, राग नका धरू. गुऱ्हाळवाल्याच्या घरात ऱ्हाता, आन् गुळाला पान्याची हवा लावता?"

मग पोपटरावांच्या पोटातून घरघर सुरू झाली, आणि ती वर येईपर्यंत ते इतके हसले की टोपी गादीवर पडली. "आरं भैरू, आमी गूळ पोत्यात घालतो, पोतं माळ्यावर टाकतो, पावसाची चाहूल लागली की ताडपत्री! आन् ही म्हनती बर्फ टाका!" डोळे पुसत ते फोनवर ओणवे झाले. "चुकलो रे मी. त्या दोघांना मी सोता सांगतो. आन् अपेक्षाचा मांडव तुझाच."

"ते मी धरलंच व्हतं," भैरू म्हणाला आणि फोन ठेवला.

नवरदेवाची आई इतका वेळ हनुवटीला हात लावून ऐकत होती. आता ती सरळ झाली आणि ज्ञानेश्वरीचा जीव वरखाली व्हायला लागला. विहीणबाई काय म्हणतील हेच तिला नऊ दिवसांपासून खात होतं.

"मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाह्यला," विहीणबाई म्हणाल्या. "पडलेला न्हाई. त्याच्या आधीचा. आमच्या भाचीनं सकाळी घेतला व्हता. त्या बंगल्याच्या मागल्या दारात तुमी एक मोरी केली व्हती, आन् मोरीत पालथं घातलेलं घमेलं. आमच्या दारात तसंच असतं. कुणाच्याबी ध्यानात येत न्हाई ते." त्या थोड्या लाजल्या. "पुण्याच्या दुकानाला आमचं घमेलं कुठनं दिसनार?"

"ते करुणानं केलं होतं," सुलक्षणा म्हणाली.

"बघितलं तिनं," करुणा म्हणाली. "मी नुसतं वळलं."

गेणबांचा चहा आला होता. त्यांनी बशीत ओतून एक घोट घेतला आणि सगळ्यांकडे नजर फिरवली. "मंग पुढचं कवा पाडताय?"

"मामंजी!" विहीणबाई ओरडल्या.

"आगं, येकदा घरी पाडून बघितल्याबिगर मांडवात कसं आननार? नवा बैल आपन आधी रानात पळवतो का थेट शर्यतीच्या घाटात सोडतो?"

सगळे हसले. सुलक्षणा मात्र हसता हसता थांबली. तिच्या डोक्यात आधीच सुरू झालं होतं, जुना गूळ, आतून बांबूच्या काड्या, पाकात चुना किती. सकाळीच बंद करायचं ठरवलेलं काम तिची बोटं गादीवर आपोआप मोजत होती. तिनं करुणाकडे बघितलं. करुणाचे मिटलेले ओठ सुटले होते.

"येत्या रविवारी," सुलक्षणा म्हणाली. "सकाळी अकराला. आमच्या गुऱ्हाळावर. सगळ्यांनी या, पाडायचाच कार्यक्रम आहे."

"मी पुण्याचं रद्द करत न्हाई हं," ज्ञानेश्वरी घाईनं म्हणाली. आधीच्या गोडव्याचा मागमूस उरला नव्हता. "सगळी येका बाजूला झाली म्हनून मी व्हनार न्हाई. माझ्या लेकीचं लगीन हाय."

"नका करू," सुलक्षणा म्हणाली. "खरंच नका."

रविवारी दौंडकर मंडळी साडेदहालाच हजर. गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली टेबल मांडलं होतं आणि त्यावर दौंड स्टेशनचा जिना चढून उतरणारा पूल, खाली गुळाचं इंजिन, आणि पुलावर हरभऱ्याच्या डाळीएवढी दोन माणसं. समोर भैरूनं दोन कूलर लावले, पाणी काठोकाठ भरलं आणि हात झाडून म्हणाला, "ह्या टायमाला कुनी सांगितलं ते समद्यांनी ऐका. ताईंनी सांगितलंय."

कूलर सुरू झाले. पोपटरावांनी पैज लावली, आधी जिना पडणार. इंद्रजीत म्हणाला, जॉइंट फेल होणार. तो कागदावर रकाने आखून दर पाच मिनिटांनी काहीतरी लिहीत होता, आणि साखरबाई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, एक अक्षर कळत नसताना. पंचवीस मिनिटांनी इंजिनाला घाम फुटला. चाळीस मिनिटांनी पुलाचं पोट जरा खाली आलं. सुलक्षणा टेबलापासून दोन हातांवर उभी होती. पाहताना वाईट वाटत होतं, अगदी वाटत होतं, आपल्या हातचं आपल्यासमोर खचताना कुणाला बरं वाटतं? पण त्या वाईटाबरोबर एक कुतूहलही होतं, आणि ते कुतूहल खुटबावला नव्हतं. तिथं नुसती लाज होती.

पन्नासाव्या मिनिटाला पूल मधोमध मोडला आणि इंजिनावर पडला. दोन्ही माणसं घरंगळत टेबलाच्या कडेला गेली. अपेक्षानं किंचाळून ती झेलली.

"आरं, जिना राहिला की!" पोपटराव हळहळले. गेणबांनी पुलाचा तुकडा उचलून शेंगदाण्यांबरोबर तोंडात टाकला आणि गूळ चांगला असल्याचं सांगितलं. करुणा मोडलेली बाजू उचलून आत बघत होती.

"काडी नाही तुटली," ती म्हणाली. "काडीवरून गूळ सुटलाय. काडीला आधी सुतळी गुंडाळायला पाहिजे, म्हणजे धरेल."

"आणि पुलाची रुंदी कमी करायची," सुलक्षणा इंद्रजीतला म्हणाली. "लिही."

ज्ञानेश्वरी इतका वेळ खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती. ती उठून टेबलापाशी आली तसे सगळे थोडे बाजूला सरकले.

"मला खरं सांग," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी ह्ये उभं राहील का?"

महिन्याभरापूर्वी सुलक्षणानं छातीठोकपणे हो म्हटलं असतं. तसं ती खुटबावच्या लोकांना म्हणालीही होती. आत्तासुद्धा ते हो तिच्या जिभेवर आलं, कारण सासरे बघत होते, विहीणबाई बघत होत्या, आणि अपेक्षा मुठीत दोन माणसं धरून उभी होती.

"माहीत नाही, वन्सं," ती म्हणाली. "आज पन्नास मिनिटं टिकलं. पुढच्या रविवारी दोन तास टिकवायचंय. त्याच्या पुढच्या रविवारी चार. त्यातही पडेल कदाचित. मांडवात पडलं, तर मीच माईकवर सांगेन, हे मी केलंय आणि हे पडलंय, आणि दुसऱ्या लग्नाला परत करेन. पण मी करणार. तुम्ही पुण्याचं टेबल आणलंत तरी शेजारी माझं राहील."

कूलर अजून घरघरत होते. भैरूनं जाऊन एक बंद केला.

ज्ञानेश्वरीनं मोडक्या पुलाखाली हात घालून बघितलं. ती शिरूरला सासरी जाण्याआधी वीस वर्षं याच गुऱ्हाळाच्या ओट्यावर वाढली होती, हे तिथल्या बऱ्याचजणांच्या लक्षात नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला.

"दोन खांबांवर कुठं येवढा पूल ऱ्हातो, येडे? मधी तिसरा घाल की," ती म्हणाली, आणि पाट ओढून टेबलापाशी खाली बसली.